रोजनामच्यात न लिहिलेला माणूस

घाटाखालच्या एका ठाण्यात मी मोहरीर होतो. मोहरीर म्हणजे ठाण्याची लिखापढी सांभाळणारा शिपाई. मुंबईहून येणाऱ्या नव्या छापील कागदांवर त्याला ‘रायटर’ म्हटलेलं असे, पण महाराष्ट्र होऊन दोन-तीन वर्षंच झाली होती आणि आमच्याकडे वऱ्हाडातली जुनी नावंच तोंडात होती. स्टेशन डायरीलाही आम्ही रोजनामचाच म्हणायचो. ठाण्यात कोण आलं, कोण गेलं, कोणाला धरून आणलं, कोणाला सोडलं, गस्तीवर कोण निघालं, हे सगळं वेळ टाकून त्यात लिहायचं. पानांना छापील आकडे असत. पान फाडता येत नसे आणि मधे ओळ सोडलेली चालत नसे.

मी डोणगावकडचा. घरी थोडी कोरडवाहू जमीन होती, आम्ही चौघं भाऊ. सातवी झाल्यावर भरतीला उभा राहिलो आणि छातीपेक्षा अक्षरामुळे निवडला गेलो, असं मला नेहमी वाटत आलं आहे. पहिली दोन वर्षं बुलढाण्याला मुख्यालयात काढली. मग या ठाण्यात बदली झाली आणि मला जमादार भेटले.

जमादार म्हणजे हेड कॉन्स्टेबल. आमचे जमादार इंग्रजांच्या वेळेपासून नोकरीत होते. उंच, सावळे, आवाज खाली ठेवून बोलणारे. पंचनामा कसा लिहायचा, रोजनामच्यात वेळ आधी टाकायची की मजकूर आधी लिहायचा, साहेबासमोर किती बोलायचं, हे सगळं मी त्यांच्याकडूनच शिकलो. माझ्या बायकोचं पहिलं बाळंतपण त्यांच्या घरच्या बाईंनी केलं. आमची आई डोणगावहून पोचेपर्यंत पाच दिवस त्या आमच्या खोलीतच राहिल्या होत्या. जमादार मला ‘तू’ म्हणत, रागावले तर ‘बे’ म्हणत. मी त्यांना जमादारसाहेब म्हणायचो.

ज्वारीची खळी चालू होती तेव्हाची गोष्ट. आमच्या हद्दीतल्या एका गावातले मोठे शेतकरी सकाळी ठाण्यात आले. त्यांचा गोऱ्ह्यापासून वाढवलेला बैल दोन दिवसांपासून सापडत नव्हता. त्यांना संशय होता त्यांच्याच जुन्या सालदाराचा. सालदार म्हणजे वर्षाच्या बोलीवर शेतात राबणारा माणूस. हा सालदार बौद्धवाड्यातला होता आणि त्या वर्षी त्यानं त्यांच्याकडे पुन्हा साल धरायला नकार दिला होता. एवढाच संशयाचा आधार. तक्रार लेखी द्यायची का, असं मी विचारलं, तर शेतकरी ठाणेदारांकडे बघून हसले आणि आत जाऊन बसले.

ठाणेदार तरुण होते. परीक्षा देऊन थेट फौजदार झालेले, आमच्या भागात नवीन. दुपारी दोन शिपाई त्या सालदाराला घेऊन आले. तो खळ्यावरूनच आला होता. अंगाला, केसांना ज्वारीचा भुसा चिकटलेला होता. ठाणेदारांनी त्याला पाच मिनिटं प्रश्न विचारले. मग उठून टोपी घातली, जमादारांना म्हणाले, “जमादार, याच्याकडे बघा जरा,” आणि दौऱ्यावर निघून गेले.

मी रोजनामचा उघडला. वेळ टाकली. जमादार माझ्या टेबलाजवळ आले.

“काय लिहून राह्यला?”

“याला आणल्याची नोंद.”

“लिहू नोको. सांजपर्यंत सोडून देऊ त्याले. लिहिलं तं मंग कोर्टात न्या, हे करा, थे करा.”

वेळ टाकून झाली होती. मी तिच्यापुढे बाजारातून परतलेल्या एका शिपायाची हजेरी लिहिली.

पुढचं मी पाहिलं नाही, ऐकलं. मागच्या खोलीचा दरवाजा लोटलेला होता. माझ्यापुढे महिन्याचा गोषवारा होता. त्याची नक्कल त्याच दिवशी संपवायची होती आणि मी ती संपवली. तिच्यात एकही खाडाखोड नव्हती, हेही मला आठवतं. मधे एकदा मी पाण्याचा तांब्या घेऊन आत गेलो. तो भिंतीला टेकून बसला होता. उजव्या हातानं त्यानं तांब्या घेतला. डावा हात मांडीवर नुसता ठेवलेला होता, दुसऱ्याच कोणाचा असावा तसा.

“हात सुन्न पडला, साहेब,” तो म्हणाला.

“जाशील संध्याकाळी घरी,” मी म्हणालो. तांब्या घेऊन मी पुन्हा टेबलाशी आलो.

सांजपर्यंत त्याला सोडलं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी सोडलं. त्या दोन दिवसांच्या रोजनामच्यात शेवटची ओळ माझ्या अक्षरात आहे: ‘हद्दीत सर्व ठीक आहे.’

तिसऱ्या दिवशी बैल मिळाला. रोहिणखेडच्या कोंडवाड्यात होता. मोकाट फिरत दुसऱ्याच्या पिकात शिरला म्हणून तिथल्या लोकांनी तो कोंडवाड्यात घातला होता, आणि तोही सालदाराला ठाण्यात आणलं त्याच्या आदल्या दिवशी. कोंडवाड्याच्या वहीत बैलाचा रंग, शिंगांचा आकार, आणल्याची वेळ, सगळं लिहिलेलं होतं. बैलाची नोंद होती, माणसाची नव्हती.

शेतकरी बैल घेऊन गेले. ठाण्यात त्याविषयी कोणी काही बोललं नाही. मलाही वाटलं, मिटलं.

ते मिटू दिलं नाही सालदाराच्या बायकोनं. गावच्या शाळेतल्या मास्तरांकडून तिनं अर्ज लिहून घेतला आणि एसटीनं घाट चढून बुलढाण्याला गेली. हे मला नंतर मुख्यालयातल्या लोकांनी सांगितलं. पोलीस अधीक्षक दौऱ्यावर होते. कारकुनानं अर्ज ठेवून जायला सांगितलं. ती म्हणाली, “मी ठेवत नाही. मी हातात देईन.” पहिल्या दिवशी ती ऑफिस बंद होईपर्यंत व्हरांड्यात बसली. दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिस उघडायच्या आधीच पुन्हा येऊन बसली. दुपारी साहेब आले, तेव्हा जिन्याच्या पायरीवर उभं राहून तिनं अर्ज त्यांच्या हातात दिला. साहेबांनी तो तिथंच उभ्यानं वाचला, असं म्हणतात. नवऱ्याच्या हाताला सरकारी दवाखान्यात पट्टी बांधली होती. तिथला कागदही तिनं सोबत आणला होता.

आठवड्याभरात चौकशीसाठी एक उपअधीक्षक आले. ते पुण्याकडून बदलून आलेले होते, चष्मा लावायचे, आणि पन्नाशीच्या आसपासचे असावेत. त्यांनी आल्या आल्या चहा नको म्हटलं. ठाणेदारांची खुर्ची सोडून माझ्या टेबलासमोरच्या बाकावर बसले आणि रोजनामचा मागितला. तासभर ते पानं वाचत होते. मग त्यांनी मला विचारलं, “या दिवशी एक वाजून चाळीस मिनिटांनी हा शिपाई बाजारातून परत आला?”

“हो साहेब.”

“आणि एक वाजून पन्नास मिनिटांनी तो पुन्हा बाजारातून परत आलाय. मधे तो गेला कधी?”

मी बघितलं. खरंच, एकाच माणसाचं परत येणं मी दोनदा लिहिलं होतं. पहिली नोंद खरी होती. टाकलेली वेळ भरायची म्हणून केलेली दुसरी होती. त्यांनी उत्तरासाठी जोर दिला नाही. रोजनामच्याला कागद गुंडाळून लाख लावली, माझी सही घेतली आणि तो सोबत घेऊन गेले.

महिन्याभरानं जमादारांना दोषारोपपत्र मिळालं. बेकायदा डांबून ठेवणं, मारहाण, नोंद न करणं. ठाणेदारांकडून लेखी खुलासा मागवला गेला. मलाही नोटीस आली आणि साक्षीचा समन्सही आला. चौकशी ठाण्यात होणार नव्हती. उपअधीक्षकसाहेबांनी मुद्दाम सडकेवरचं सरकारी विश्रामगृह निवडलं होतं.

साक्षीच्या आधीच्या रविवारी जमादार आमच्याकडे आले. मी अंगणात दाढी करत होतो. ते खाटेवर बसले. बायकोनं चहा दिला आणि आत गेली.

“तू काय सांगशीन?” त्यांनी विचारलं.

“काय सांगू, जमादारसाहेब?”

“सांगजो का त्या दिवशी माहं पोट दुखत होतं, मी पडून होतो घरी. दुपारून कोन आलं, कोन गेलं, मले माहीत नाही.”

“रोजनामच्यात दुपारचं अक्षर माझं आहे.”

“अक्षर म्या काढलं म्हनून सांगीन मी.”

ते मला वाचवायला निघाले होते की स्वतःला, हे मला तेव्हा कळलं नाही आणि आजही नीटसं सांगता येत नाही. बहुतेक दोन्ही. त्यांच्या अक्षराला वेलांट्या नीट येत नसत, हे साहेबांना एका ओळीत कळलं असतं. मी तसं म्हणालो. त्यांनी कप खाली ठेवला.

“तीस वर्षं झाली मले,” ते म्हणाले. “ज्या ज्या साहेबानं ‘बघा’ म्हटलं, त्याचं काम म्या केलं. एकालेही कधी म्या इचारलं नाही का बघा म्हंजे काय.”

“मग आता विचारा ना. साहेबांसमोर सांगा की ठाणेदारांनी सांगितलं होतं.”

“वरच्याचं नाव घेनं माह्यानं होत नाही. आन् घेऊन काय? थे म्हनतीन, म्या तं फक्त बघा म्हटलं.”

ते गेल्यावर बायको बाहेर आली. तिनं सगळं ऐकलं होतं.

“तुमी होते ना तिथं?” तिनं विचारलं.

“होतो.”

“मंग?”

मी तोंड धुतलं. ती कप उचलायला वाकली आणि तशीच थांबली. म्हणाली, “तुमाले जे सांगाचं थे सांगा. पन मंग माह्यानं त्याईच्या घरी जानं होनार नाही. काकूच्या तोंडाकडे पाहू शकनार नाही मी.” पोरगं तेव्हा पाच महिन्यांचं होतं. जमादारांच्या घरच्या बाई रोज त्याला तेल लावायला यायच्या. त्या दुसऱ्या दिवसापासून आल्या नाहीत, मी अजून काही सांगितलेलंही नव्हतं तरी.

चौकशीच्या दिवशी विश्रामगृहाच्या दालनात एक लांब टेबल होतं. एका टोकाला साहेब, बाजूला मुख्यालयातून आलेला लेखनिक. जमादार गणवेशात होते, बकल घासून चकचकीत केलेलं. त्यांना बचावासाठी खात्यातला कोणी सोबती घेता आला असता, पण त्यांनी घेतला नाही. “माहे सवाल मीच इचारीन,” म्हणाले.

पहिला साक्षीदार सालदार. तो आत आला आणि दाराजवळ उकिडवा बसला. साहेबांनी त्याला खुर्चीवर बसायला सांगितलं. तो उठून उभा राहिला, बसला नाही. साहेब म्हणाले, “तुम्ही बसल्याशिवाय मी सुरू करणार नाही.” मग तो खुर्चीच्या कडेवर बसला. हाताची पट्टी निघाली होती. मनगट एका बाजूला वळलेलं दिसत होतं.

त्यानं सगळं सांगितलं. लेखनिक लिहीत होता. साहेबांनी मधेच कागद ओढून वाचला आणि विचारलं, “हे काय लिहिलंत? ‘मला काठीने मारहाण करण्यात आली.’ हा माणूस असं बोलला का?”

“शुद्ध करून लिहिलं, साहेब.”

“तो काय म्हणाला?”

साहेबांना आमची बोली सगळी समजत नव्हती. ‘काऊन’ म्हणजे ‘का’, हेही सुरुवातीला त्यांना विचारून घ्यावं लागलं होतं. त्यांनी सालदाराला पुन्हा सांगायला लावलं.

“जमादारानं मले पट्ट्यानं मारलं. मंग लाठीनं मारलं. म्या हात आडवा केला तं हातावर बसली.”

“असंच लिहा,” साहेब म्हणाले. “शब्दानं शब्द.”

मी बाहेरच्या व्हरांड्यात बसलो होतो. साक्षीदारांनी एकमेकांचं ऐकू नये असा नियम, पण खिडकी उघडी होती, तिच्यातून आतलं दिसत होतं, आणि दालन मोठं असल्यामुळे सगळे मोठ्यानं बोलत होते. मग साहेब म्हणाले, “जमादार, तुम्हाला उलटतपासणी घ्यायची आहे?”

“हाव साहेब.”

ज्याला मारलं त्याला मारणाऱ्यानं प्रश्न विचारायचे, हे मी पहिल्यांदाच ऐकत होतो. पुढे नोकरीत अनेकदा ऐकलं, पण सवय झाली नाही.

“मी तुले आधी वळखत होतो?” जमादारांनी विचारलं.

“नाही.”

“माहं तुहं काही वैर?”

“नाही.”

“मंग मी तुले काऊन मारीन?”

सालदार म्हणाला, “थेच तं मले समजलं नाही, साहेब. म्या दोन डाव इचारलं तुमाले, काऊन मारता म्हनून. तुमी म्हनले, बैल कुठी हाये सांग. मले माहीत असतं तं सांगितलं असतं.”

जमादारांनी पुढचा प्रश्न विचारला नाही. “झालं, साहेब,” एवढंच म्हणाले.

मग मला बोलावलं. शपथ झाली. साहेबांनी सरळ विचारलं आणि मी सरळ सांगितलं: याला कधी आणलं, कधी सोडलं, आतून काय ऐकू आलं, हात कसा दिसला. दोनदा लिहिलेल्या नोंदीचंही सांगितलं. बोलताना मी टेबलावरच्या दौतीकडे बघत होतो.

“ठाणेदारांनी मारायला सांगितलं होतं?”

“ते म्हणाले, याच्याकडे बघा जरा.”

“बघा म्हणजे काय?”

“ठाण्यात सगळ्यांना ठाऊक असतं, साहेब.”

“सगळ्यांना काय ठाऊक असतं ते मला लिहिता येत नाही. ते काय बोलले?”

“बघा जरा, असं बोलले.”

त्यांनी तेवढंच लिहून घेतलं. ठाणेदार या प्रकरणातून निसटताहेत, आणि ते माझ्याच तोंडून, हे मला तिथं बसल्या बसल्या कळत होतं. पण खोटा शब्द घालणं मला जमलं नसतं, आणि साहेबांनी घालूही दिला नसता.

मग जमादार उठले. माझ्यासमोर येऊन उभे राहिले. मला वाटलं होतं, ते विचारतील की तुझ्या बायकोचं बाळंतपण कोणी केलं. त्यांनी तसलं काही काढलं नाही.

“रोजनामचा कोनाच्या ताब्यात राह्यते?” त्यांनी विचारलं.

“माझ्या.”

“नोंद करनं कोनाचं काम?”

“माझं.”

“तुमी त्या दिवशी नोंद केली काऊन नाही?”

चार वर्षांत पहिल्यांदा ते मला ‘तुमी’ म्हणाले होते.

“तुम्ही नको म्हणालात म्हणून.”

“मी तुमचा मोठा साहेब हाये का? मी जमादार. कायद्यानं म्या नोको म्हनलं तरी लिहा लागते का नाही?”

“लागतं.”

“मंग काऊन नाही लिहिलं?”

साहेब कागदावरून मान वर करून माझ्याकडे बघत होते. लेखनिकाचा टाक थांबलेला होता.

“भीती वाटली,” मी म्हणालो. मग मलाच ते पुरेसं वाटलं नाही. “आणि एवढं काही होणार नाही, असं वाटलं. कोणी विचारेल, असं वाटलंच नाही.”

“लिहा,” जमादार लेखनिकाला म्हणाले, जणू चौकशी तेच घेत होते. मग साहेबांकडे वळले. “माहे सवाल झाले.”

दुपारी जेवायच्या सुटीत आम्ही सगळे त्याच आवारात होतो. सालदार आणि त्याची बायको लिंबाखाली भाकरी खात होते. जमादार जीपच्या सावलीत उभे होते. मी विहिरीवर पाणी प्यायला गेलो. साहेब हात धुवायला तिथं आले. मी बाजूला झालो. ते म्हणाले, “तुम्ही साक्षीदार आहात, पण तुमच्यावरही मला लिहावं लागेल. हे तुम्हाला कळलंय ना?”

“हो साहेब.”

“बरं.” त्यांनी रुमालाला हात पुसले आणि आत गेले. धीर दिला नाही की रागावलेही नाहीत. त्या वेळी मला ते कोरडे वाटले. पुढे त्यांच्या हाताखाली काम केल्यावर लक्षात आलं की चौकशी संपेपर्यंत ते कोणाशीच याहून जास्त बोलत नसत.

हुकूम यायला चार महिने लागले. जमादारांना दोन वर्षांसाठी शिपाई केलं. ठाणेदारांना ताकीद मिळाली आणि घाटावर बदली झाली. पुढे ते बढती घेत बरेच वर गेले. ‘हाताखालच्यांवर पुरेशी देखरेख ठेवली नाही’ असं त्यांच्या ताकिदीत लिहिलं होतं. मला सक्त ताकीद, सेवापुस्तिकेत नोंदीसह, आणि बुलढाण्याला बदली. ठाण्यात हुकूम वाचून दाखवला तेव्हा जमादार सावधान उभे होते. वाचून झाल्यावर त्यांनी सलाम केला, आत गेले आणि बाहीवरच्या फिती स्वतःच उसवून काढल्या. ब्लेड त्यांनी माझ्याच टेबलावरून घेतलं होतं. काम झाल्यावर ते पुसून जागेवर ठेवलं.

आम्ही सामान घेऊन निघालो त्या दिवशी बायको त्यांच्या घरापर्यंत गेली. दार उघडं होतं. ती बाहेरूनच नमस्कार करून परत आली. आतून कोणी काही बोललं का, मी विचारलं नाही.

बुलढाण्याला मला चौकशी शाखेत टाकलं. त्या उपअधीक्षकांनीच मागून घेतलं होतं. का, असं मी त्यांना एकदा विचारलं. ते म्हणाले, “नोंद कशी चुकवतात, हे तुम्हाला माहीत आहे.” मी तिथं अकरा वर्षं होतो. जिल्ह्यातल्या पोलिसांविरुद्धचे अर्ज माझ्या टेबलावरून गेले. काही खोटे असत, भांडणातून लिहिलेले. पुष्कळ खरे असत आणि सिद्ध होत नसत. ‘बघा’ हा शब्द किती कागदांवर आला, ते मी मोजलं नाही. शाखेत बसणाऱ्याशी बाकीचे पोलीस जपून बोलत. चहाला बोलावत, पण मी आलो की विषय बदलत. बायकोला क्वार्टरच्या ओळीत मैत्रीण मिळायला बराच काळ लागला.

जमादार मला दोनदा भेटले. पहिल्यांदा एका यात्रेच्या बंदोबस्तात. ते शिपाई म्हणून दोरीजवळ उभे होते आणि त्यांच्यापेक्षा वीस वर्षांनी लहान हवालदार त्यांना जागा दाखवत होता. आमची नजरानजर झाली. त्यांनी मान हलवली, मीही. दुसऱ्यांदा, त्यांच्या बाहीवरच्या फिती परत मिळाल्यावर, ते मुख्यालयात काही कागद द्यायला आले होते. माझ्या टेबलासमोर बसले. पोरगं कितवीत आहे, विचारलं. पहिलीत, म्हणालो.

मग म्हणाले, “त्या माणसाचा हात सरळ झाला का?”

“माहीत नाही.”

“म्या बिनकामाचं मारलं त्याले,” ते म्हणाले. “त्याच्याच्यानं बैल चोरनं झालं नसतं, हे त्याचे डोळे पाहूनच समजलं होतं मले. पन एक डाव सुरू झालं का मंग थांबता येत नाही. थांबलो तं लोक म्हनतीन, चूक होती.” त्यांनी माझ्याकडे कागदांची पोच मागितली, घडी करून खिशात ठेवली आणि निघाले. माझ्याविषयी ते काही बोलले नाहीत. निवृत्तीनंतर वर्षभरातच ते गेले. मला उशिरा कळलं. मी जाऊ शकलो नाही.

सालदार भेटला तो धामणगाव बढ्याच्या बाजारात. एका अर्जाच्या कामासाठी मी त्या बाजूला गेलो होतो, साध्या कपड्यात. त्यानंच मला ओळखलं. आता तो सालदारकी करत नव्हता. मेहुण्यासोबत विहिरी खोदायची कामं घेत होता. एका हातानं जोर लावता येत नाही म्हणून वरचं काम तो बघायचा, रहाटावरचं. बायको बरी होती. मुलगी शाळेत जात होती. आम्ही एका झाडाखाली उभे राहिलो.

“एक इचारू का, साहेब?” तो म्हणाला.

“विचारा.”

“तुमी त्या दिवशीच त्या वहीत माहं नाव लिहिलं असतं, तं हात वाचला असता का?”

त्याच्या आवाजात राग नव्हता. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं. शाखेत मी इतकी वर्षं चुकवलेल्या नोंदीच तपासल्या होत्या, त्यामुळे उत्तर मला ठाऊक होतं.

“नाव लिहिलं असतं तर ठाण्यात आणलं हे कबूल करावं लागलं असतं,” मी म्हणालो. “मग दुसऱ्या दिवशी तुम्हाला मॅजिस्ट्रेटपुढे उभं करावं लागलं असतं. आणि मोडक्या हातानं कोणी मॅजिस्ट्रेटपुढे नेत नाही. बहुतेक वाचला असता.”

“म्हंजे वाचला असता.”

“हो.”

“मले वाटलंच होतं,” तो म्हणाला. “बायको म्हने, लिहिलं असतं तरी त्याईनं मारलंच असतं. मी म्हनत होतो, नाही. आज जाऊन सांगतो तिले.”

मला माफी मागायची होती. पण मेहुण्यानं त्याला लांबून हाक मारली, आणि तो “येतो साहेब” म्हणून निघाला. त्यानं दोराची वेटोळी उजव्या खांद्यावर घेतली, डाव्या हाताचा नुसता आधार दिला, आणि गर्दीतून वाट काढत गेला. ज्या गावाचा अर्ज होता, तिकडची बस मी विचारली. ती अर्ध्या तासानं होती. मी थांबलो.